छळ, छल आणि जबलपूरची जबानी

मराठीतील 'छळ' आणि हिंदीतील 'छल' हे एकाच संस्कृत शब्दाचे दोन वारस आहेत. कानाला भेद जाणवतो तो केवळ लकार-ळकाराचा. अर्थाच्या बाबतीत मात्र या भावंडांची पुरती ताटातूट झाली आहे. हिंदीत 'छल' म्हणजे कपट. मराठीत 'छळ' म्हणजे जाणूनबुजून आणि दीर्घकाळ दिलेली यातना. जेथे या दोन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या, त्या जबलपुरात हा भेद केवळ कोशकारांच्या कुतूहलाचा विषय राहत नाही.

नागपूरकर भोसल्यांचा अंमल सुटून हे शहर १८१७-१८ मध्ये कंपनीकडे गेले; मराठी मात्र तेथील घराघरांत राहिली. घरात मराठी, कचेरीत हिंदी, आणि १९५६ पासून तेथेच मुख्यपीठ असलेल्या उच्च न्यायालयात इंग्रजी, अशा तीन पायऱ्या तेथील मराठी स्त्रीच्या तक्रारीला चढाव्या लागतात. पहिल्याच पायरीवर तिचा शब्द निसटतो. हिंदी दंडविधानात 'छल' ही फसवणुकीची संज्ञा आहे. पूर्वी ती कलम ४१५ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे. विवाहितेला सासरी दिल्या जाणाऱ्या यातनेचा गुन्हा १९८३ मध्ये ४९८-अ या कलमाने आला, त्याला हिंदी विधानाने 'क्रूरता' म्हटले. मराठी वृत्तपत्रे ज्याला सहजपणे 'विवाहितेचा छळ' म्हणतात, तेच हे. 'जाच' म्हणावे, तर शेजारी 'जाँच' उभी, आणि तिचा अर्थ चौकशी! एका अनुस्वाराने सोसणे आणि तपासणे यांची अदलाबदल व्हावी, हा भाषेचा विनोद क्रूरच म्हटला पाहिजे. उरते ती 'प्रताडना'. तिच्या मुळाशी ताडन, म्हणजे मार आहे. छळाला मात्र हात उगारावाच लागतो असे नाही.

मराठीने मूळ अर्थ टाकून दिला, हे मत सर्रास मांडले जाते. ते उथळ आहे. हरिश्चंद्राच्या आख्यानात विश्वामित्र जे करतो, त्यात कपट कोठे संपते आणि यातना कोठे सुरू होते, हे सांगता येत नाही; 'विश्वामित्राने हरिश्चंद्राला छळले' या साध्या वाक्यात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. न्यायशास्त्रातील 'वाक्छल' तर याहून सूचक आहे: बोलणाऱ्याच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवून त्याला कोंडीत पकडणे. मराठी 'छळ' या शब्दाने कपटाचा त्याग केलेला नाही, त्याला काळाची लांबी दिली आहे. एकदा झाला तो छल; रोज होतो, आणि वर ज्याला शिस्त, रीत, कुलाचार म्हणवले जाते, तो छळ.

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही १८९० पासून 'करमणूक' पत्रात क्रमशः आलेली कादंबरी या दृष्टीने पुन्हा वाचली पाहिजे. तिच्याकडे सुधारणावादाचा दस्तऐवज म्हणून फार पाहिले गेले, आणि त्यात तिच्या भाषेची उपेक्षा झाली. वैधव्यानंतर यमूचे सक्तीने केशवपन होते, तो प्रसंग भीषण खराच. पण त्याला अर्थ येतो तो आधीच्या शेकडो बारीकसारीक प्रसंगांमुळे, ज्यांतील एकालाही स्वतंत्रपणे गुन्हा म्हणता येणार नाही. मराठीने या अवस्थेसाठी 'सासुरवास' हा शब्द घडवला. निवासाचे नावच यातनेचे नाव व्हावे, याहून बोलका पुरावा कोणता? हरिभाऊंनी ही कथा यमूच्याच तोंडून वदवली. तिच्या आणि वाचकाच्या मध्ये लेखनिक नाही.

जबलपुरात शब्दांची एक नोंद पूर्वी झाली होती, आणि ती मोठ्या साक्षेपाने झाली होती. ठगीच्या बंदोबस्तावर असलेल्या विल्यम स्लीमनने ठगांच्या गुप्त बोलीचा कोश 'रामासियाना' या नावाने १८३६ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध केला. ठगीच्या सरकारी चित्राविषयी आजचे संशोधक साशंक आहेत. पण कोशाची रचनाच पुरेशी बोलकी आहे. माफीच्या साक्षीदार ठगांकडून एकेक शब्द काढून घेतलेला. त्यात शकुनांना शब्द आहेत, फासाला आहेत, पुरण्याच्या जागेला आहेत. ज्याच्या गळ्याभोवती तो फास पडे, त्या वाटसरूसाठीही एक आहे: 'बनिज', म्हणजे माल.