कालप्रवासात कसाला लागलेला संसार

कालप्रवासाच्या कथांत प्रेम बहुधा विरहापुरते येते. नायक एका शतकात, नायिका दुसऱ्या शतकात. वाचक हळहळतो आणि पुस्तक मिटतो. ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेची 'किंड्रेड' (१९७९) ही कादंबरी मात्र अवघड प्रश्न विचारते. ज्या प्रेमाला आपण दोघांची खासगी बाब समजतो, त्यात काळाचा आणि कायद्याचा वाटा किती?

डेना कृष्णवर्णीय, तिचा नवरा केविन गोरा. दोघेही लेखक, काळ १९७६चा, ठिकाण कॅलिफोर्निया. गोऱ्या-काळ्यांच्या विवाहावर अनेक राज्यांत असलेली बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रद्द केली होती. म्हणजे या संसारामागचे कायद्याचे अभय तसे कोवळेच. नात्यागोत्यातून विरोधही झालेला.

डेना वारंवार एकोणिसाव्या शतकातल्या मेरीलँडमध्ये ओढली जाते. तिथे गुलामगिरी कायदेशीर आहे. एकदा केविन तिला धरून ठेवतो आणि तोही तिथे पोहोचतो. जीव वाचवायचा तर त्याला मालक आणि तिला त्याची गुलाम व्हावे लागते. गोऱ्याने गुलाम स्त्री खोलीत ठेवणे तिथे लोक समजू शकतात. तिच्याशी लग्न मात्र कायद्याला मंजूर नसते.

बटलर केविनला खलनायक करत नाही, हे तिचे मोठेपण. गुलामांची मुले लिलावाचा खेळ खेळतात, तेव्हा डेनाच्या पोटात गोळा येतो. केविनला तो नुसता खेळ वाटतो. त्याचे प्रेम खरे आहे, पण नजर त्याच्या कातडीची आहे. दुसरीकडे मालकाचा मुलगा रूफस ॲलिसवर प्रेम असल्याचे सांगतो आणि तिला विकत घेऊन भोगतो. नकार देण्याचा हक्क नसेल तिथे प्रेम हा शब्दच खोटा ठरतो, हे लेखिका भाषण न देता दाखवते.

एक उणीव जाणवते. केविन पाच वर्षे भूतकाळात अडकतो, पळणाऱ्या गुलामांना मदत करतो. पण निवेदन डेनाचे असल्याने त्याच्यातला बदल आपल्याला ओझरताच कळतो. परतल्यावर दोघांनी संसार कसा सांधला, तेही फारसे उलगडत नाही.

तरीही कादंबरी मनातून जात नाही. अखेरच्या प्रवासात डेना डावा हात गमावून येते. संसार टिकतो, पण त्याची किंमत दोघांनी सारखी मोजलेली नसते.