साखळी आणि वलय : एका संकल्पनेचे परीक्षण

सागरातील अन्नव्यवहाराचे वर्णन दीर्घकाळ सरळ साखळीच्या रूपकाने होत आले : डायाटमसारखे वनस्पतिप्लवक, त्यांवर जगणारे कॉपेपॉड आणि त्यांवर जगणारे मासे. जीवाणूंना त्यात मृतद्रव्याच्या विघटनापुरतेच स्थान होते. लॉरेन्स पॉमेरॉय यांच्या १९७४ च्या निबंधाने या चित्राला आव्हान दिले. १९८३ मध्ये फारूक आझम व त्यांच्या पाच सहकाऱ्यांनी ‘सूक्ष्मजीव-वलया’ची संकल्पना मांडली.

या मांडणीचे बळ मोजणीत आहे. पोषक माध्यमावर वाढणाऱ्या वसाहती मोजल्या असता जीवाणू विरळ भासत. रंजकाने उजळलेल्या पेशी गाळणीवर प्रत्यक्ष मोजण्याची पद्धत १९७७ नंतर रूढ झाली, तेव्हा एका मिलिलिटर समुद्रजलात सुमारे १० लक्ष जीवाणू आढळले. प्लवकांपासून पाण्यात मिसळणारे विद्राव्य सेंद्रिय द्रव्य ते शोषतात. त्यांना कशाभधारी, कशाभधारींना रोमधारी आणि रोमधारींना कॉपेपॉड खातात. प्रकाशसंश्लेषणाने बांधलेल्या कार्बनपैकी १० ते ५० टक्के जीवाणूंच्या वाट्याला येतो, असा १९८३ च्या लेखाचा अंदाज आहे.

तथापि ‘वलय’ हा शब्द पुराव्यापेक्षा अधिक काही सांगतो. गेलेले परत येते, असे त्यातून सूचित होते. वस्तुतः प्रत्येक टप्प्यावर श्वसनामुळे कार्बन नष्ट होतो. दर टप्प्यास एक तृतीयांश उरतो असे उदारपणे धरले, तरी जीवाणू, कशाभधारी व रोमधारी ओलांडून कॉपेपॉडपुढे सत्ताविसावा भागच येतो. १९८६ मध्ये ह्यू डकलो व सहकाऱ्यांनी बंदिस्त समुद्रजलात चिन्हित कार्बनाचा मागोवा घेतला. जीवाणूंनी घेतलेल्या कार्बनापैकी १३ दिवसांनी केवळ २ टक्के मोठ्या जीवांत सापडला.

म्हणून संकल्पना त्याज्य ठरते काय? तसे नव्हे. अरबी समुद्रात पृष्ठजल पोषकद्रव्यांनी दरिद्री असतानाही प्राणिप्लवकांचे प्रमाण फारसे घटत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९९० च्या दशकात याचा उलगडा याच मार्गाने केला. एका बंदिस्त प्रयोगाचा निष्कर्ष सर्व सागरांना लावणे हीदेखील अतिव्याप्तीच होय.

खरा दोष दोन प्रश्नांची गल्लत करण्यात आहे. जीवाणू माशांना कार्बन पुरवितात काय, हा एक प्रश्न. त्यांना खाणारे जीव नत्र व स्फुरद पुन्हा पाण्यात सोडून वनस्पतिप्लवकांना जगवितात काय, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. पहिल्याचे स्थळकाळपरत्वे बदलते. पाठ्यपुस्तकांतील आकृतीत मात्र दोन्ही व्यवहार एकाच बाणाने दाखविले जातात. अभ्यासकाने तो बाण कशाचा, कार्बनाचा की नत्राचा, हे प्रथम विचारले पाहिजे.