परमिटचा अर्ज कोणाला करावा लागला? ‘द लाँग पार्टिशन’ वाचताना

पीएच.डी.साठी विषय शोधताय आणि डोक्यात फाळणी, निर्वासित, नागरिकत्व असं काही घोळतंय? मग वझीरा झमिनदार यांचं ‘द लाँग पार्टिशन’ (२००७) वाचाच. पण एक शंका सोबत ठेवून.

झमिनदार म्हणतात, फाळणी ऑगस्ट १९४७ मध्ये उरकली नाही. पुढची कित्येक वर्षं ती सरकारी कागदांतून होत राहिली. १९ जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून भारतात यायला परमिट लागू लागलं. तात्पुरत्या भेटीचं वेगळं, कायम राहायला येण्याचं वेगळं. दंगलीत दिल्ली सोडून गेलेल्या मुसलमानाला स्वतःच्याच घरी परतायला अर्ज करणं आलं. ऑक्टोबर १९५२ मध्ये परमिट गेलं, पासपोर्ट आला. लेखिकेची खरी ताकद म्हणजे सरकारी फायली आणि दोन्ही देशांत विभागलेल्या कुटुंबांच्या मुलाखती त्या शेजारी ठेवून वाचतात. अर्ज म्हणजे अर्जदाराचं मन नव्हे, हे त्यातून नीट कळतं. साहेबाला जे पटेल तेच माणूस लिहितो. (आपण फेलोशिपच्या अर्जात काय लिहितो, आठवा!)

आता शंका. पुस्तकाचा भर दिल्ली आणि कराचीवर. मी दिंडोरीचा; इथून नाशिक ओलांडलं की देवळाली कॅम्प. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथेही आले, जसे कल्याणच्या छावण्यांत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात आले. परमिटच्या फायलींत त्यांच्यातले बहुतेक सापडणार नाहीत. का? घटनेचं कलम ६ बघा. १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून आलेला, स्वतः किंवा आईवडील, आजीआजोबांपैकी कोणी अविभाजित भारतात जन्मलेला आणि तेव्हापासून इथेच राहणारा माणूस घटनेनेच नागरिक ठरला. अर्ज नाही, नोंदणी नाही. त्या तारखेनंतर आलेल्याला मात्र अर्ज करून नोंदणी करावी लागली, तीही सहा महिने इथे राहून झाल्यावर. आणि १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात जाऊन परतणाऱ्याला कलम ७ ने कायम परतीचं परमिट मागितलं.

म्हणजे अर्जांचं दप्तर हे सगळ्या विस्थापितांचं दप्तर नाही. ज्यांच्याकडे सरकारने संशयाने पाहिलं, त्यांचंच ते प्रामुख्याने आहे. झमिनदारांना ते ठाऊक आहे, त्यांचा मुद्दाच तो. पण त्यांच्या मागून जाणारे आपण ‘निर्वासितांचा अनुभव’ असं सरसकट शीर्षक देऊन मोकळे होतो. तुमचा विषय देवळाली असेल तर मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे शोधा. त्यासाठी १९५० चा विस्थापितांच्या दाव्यांचा कायदा आणि १९५४ चा नुकसानभरपाईचा कायदा आधी वाचा. तिथले अर्ज सिंधमधल्या घराबद्दल बोलतात, इथे राहायच्या परवानगीबद्दल नाही.

आज चित्र उलटं आहे. भारतात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, १९५१ च्या करारावर आपली सही नाही. पाकिस्तानातून आलेला हिंदूही आता दीर्घ मुदतीचा व्हिसा, मग नागरिकत्व अशा अर्जांच्या रांगेत असतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्याच्यासाठी ३१ डिसेंबर २०१४ ही नवी तारीख ठरवली.

वेळ कमी असेल तर परमिटवरचा भाग आधी वाचा, घटनेची कलमं ५ ते ९ शेजारी उघडून.