मराठी चित्रकथांतली भुते: चित्रण आणि संग्रह

मराठी मुलखातील भुतांची वर्णने ऐकीव परंपरेत फार नेमकी आहेत. भुतांची चित्रे मात्र थोडी आहेत, आणि जी आहेत त्यांतली बरीच दुसरीकडच्या भुतांची आहेत. मासिकांतील कथाचित्रे, रहस्यकथांची मुखपृष्ठे, चित्रकथा आणि रंगमंचावरची किंवा पडद्यावरची पात्रे असा भयाच्या लोकप्रिय चित्रणाचा आढावा घेतला की ही तफावत जागोजागी दिसते. चित्रकारांचे हात तयार होते, वाचक होते आणि कथा तर गावोगाव होत्या.

मानवेतर जीवाला आकार देण्याचे काम या भूमीत फार जुने आहे. कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याच्या जंगलात कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वी खोदलेल्या तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूस एका मोठ्या मूर्तीच्या मस्तकाचा भाग उरला आहे. ती यक्षाची मूर्ती असावी असे मानले जाते. शेजारच्या ब्राह्मी लेखात कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केल्याची नोंद आहे. यक्ष कधी राखणदार असतो, कधी धाक घालणारा. त्याला दगडात उतरवणाऱ्या कारागिराने आपले आणि आपल्या गुरूचे नाव मागे ठेवले, ही गोष्ट चित्रकथांच्या इतिहासात मुद्दाम सांगण्याजोगी आहे, कारण पुढे शतकानुशतके भुते रंगवणाऱ्यांची नावे बहुधा कोणी लिहून ठेवली नाहीत.

भुतांची शब्दचित्रे मात्र लिहून ठेवली गेली. ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवलेल्या टिपणांच्या आधारे आर. ई. एन्थोवेन यांनी 1915 साली कोकणच्या लोकपरंपरांवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात वेताळ, ब्रह्मसमंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, जखीण, लावसट, हडळ अशी नामावळीच सापडते. कोण मेल्यावर कोणते भूत होते, हे त्या माणसाची जात, लग्न झाले होते की नाही आणि मरण कसे आले यांवर ठरते. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. बुडून मेलेला गिऱ्हा होतो आणि माणसाला पाण्याकडे ओढतो. सवाष्ण मेलेली जखीण, विधवा मेलेली लावसट, आणि बाळंतपणात गेलेली हडळ. समाजाने जिवंतपणी माणसांना ज्या कप्प्यांत कोंडले, तेच कप्पे मेल्यावरही कायम राहिलेले दिसतात. म्हणून ही भुते काढणाऱ्या चित्रकाराला नुसती विचित्र शरीरे काढून भागत नाही. त्या शरीरावर कोणता अन्याय कोरलेला आहे तेही त्याला कळावे लागते.

ही वर्णने चित्रकथेच्या चौकटीसाठीच घडवल्यासारखी आहेत. हडळ समोरून भरल्या अंगाची दिसते आणि मागून नुसता सांगाडा असतो. एकाच स्वतंत्र चित्रात तिची समोरची आणि मागची बाजू एकत्र दाखवणे जवळजवळ अशक्य आहे. चित्रकथेत मात्र पहिल्या चौकटीत वाटसरूशी बोलणारी बाई, दुसरीत वळणारी, आणि पान उलटल्यावर तिची पाठ, एवढ्यावर काम होते. चकव्याला तर रूपच नाही. तो वाट चुकवतो आणि माणूस फिरून त्याच झाडापाशी येतो. तेच झाड तीन चौकटींत त्याच जागी काढले आणि माणूस दर वेळी थोडा अधिक दमलेला दाखवला की चकवा कागदावर उभा राहतो. त्याच्यासाठी कवटी लागत नाही, नखे लागत नाहीत. गिऱ्ह्याच्या चित्रात पाण्यातले प्रतिबिंब आणि काठावरचा माणूस यांत एकच लहानसा फरक ठेवला तरी पुरे. मराठी चित्रकलेने ही संधी फारशी घेतली नाही, आणि या क्षेत्रातली सर्वांत मोठी उणीव तीच आहे.

जपानमध्ये हे काम फार आधी झाले. तोरियामा सेकिएन याने 1776 साली आपल्या देशातील भुताखेतांचा सचित्र कोश काढला. विसाव्या शतकात शिगेरू मिझुकी यांनी लहानपणी गावात ऐकलेल्या भुतांना ‘मांगा’ या जपानी चित्रकथांत आणले, आणि ती पात्रे घरोघर पोचली. ज्या साकाइमिनातो शहरात मिझुकी लहानाचे मोठे झाले, तिथे आज या भुतांच्या कांस्यमूर्तींचा एक रस्ताच आहे. मराठी भुतांचा असा कोश कोणी रेखाटलेला नाही.

चित्रमालिकेतून गोष्ट सांगण्याची रीत महाराष्ट्रात नव्हती असेही नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीतले ठाकर चित्रकथी सुट्या कागदांवरील चित्रे एकामागून एक पुढे धरून रामायण-महाभारतातील आख्याने गात आले आहेत. त्या चित्रांतले राक्षस मोठ्या डोळ्यांचे, ठाशीव रेषेचे आणि विलक्षण जोमदार आहेत. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. छापील मराठी चित्रकथेने मात्र या रेषेकडून काही घेतल्याचे दिसत नाही.

छापील जगात मराठी मुलांची भुताशी पहिली ओळख बहुधा ‘चांदोबा’ने करून दिली. मद्रासच्या ‘चंदामामा’ची ही मराठी आवृत्ती 1952 साली सुरू झाली. त्याच वर्षी संस्थेत दाखल झालेले चित्रकार शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, यांनी विक्रम-वेताळ मालिकेची चित्रे काढली. उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत आणि भोवती स्मशान घेऊन चाललेला राजा ही कथेच्या आरंभीची त्यांची प्रतिमा कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांत बसली. त्या चित्राची ताकद राजाच्या निर्भय चालीत आहे. वाचक भुताकडे पाहण्याआधी न घाबरणाऱ्या माणसाकडे पाहतो. चित्रे सर्व भाषांत तीच असत, त्यामुळे देवळे, दागिने आणि वेशभूषा दक्षिणी वळणाची राहिली. कोकणात वेताळ हा गावोगावचा रखवालदार देव आहे, आणि वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठ्या चपला वाहतात. रात्री गावाची फेरी घालून झिजलेल्या चपलांचा हा वेताळ चांदोबात कधी आला नाही.

प्रौढ वाचकांसाठी हेच काम मुखपृष्ठांनी केले. रघुवीर मुळगावकर (1918–1976) आणि दीनानाथ दलाल (1916–1971) या दोघा गोमंतकीय चित्रकारांनी मराठी मासिकांचा आणि दिवाळी अंकांचा चेहरा ठरवला. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांसाठी मुळगावकरांनी केलेली मुखपृष्ठे आजही संग्राहक शोधत असतात. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने अद्भुत आणि गूढ कथांना हक्काची जागा दिली. पुढे ‘धनंजय’, ‘चंद्रकांत’ यांसारख्या दिवाळी अंकांनी ती परंपरा चालवली. आतल्या पानांवरची चित्रे लाइन ब्लॉकने छापली जात. ब्लॉकला मधल्या छटा झेपत नसत. कागदावर एक तर काळे उमटे किंवा पांढरे राही. या मर्यादेने भयचित्रांचे भलेच केले. चित्रकार निब आणि ब्रशने काळ्याचे मोठे पट्टे टाकत आणि कंदिलाचा उजेड खालून चेहऱ्यावर पाडत. उरलेले अंधारात सोडले की वाचक ते स्वतः भरून काढी. ऑफसेट आल्यावर रंग स्वस्त झाला आणि हा संयम सुटत गेला. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांत भय हळूहळू, जवळजवळ न दिसता वाढते. त्यांच्या पुस्तकांच्या अनेक आवृत्त्यांवर मात्र थेट कवट्या, लाल डोळे आणि मोकळ्या केसांची बाई येते. आतल्या मजकुराशी मुखपृष्ठाचे नाते इतके तुटलेले असू नये.

चित्रकथेची खरी लाट आली ती मार्च 1964 मध्ये. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि ली फॉकचा फॅन्टम मराठीत वेताळ होऊन आला. कवटीची गुहा, कवटीची अंगठी, जंगलातल्या ढोलांचा निरोप. 1990 पर्यंत ही मालिका चालली. दरम्यान 1967 साली अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ काढली. तिचे अनेक महत्त्वाचे चित्रकार मराठी होते: राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम. मुळीकांच्या रेषेतले शरीरशास्त्राचे ज्ञान आणि गर्दीच्या प्रसंगांची मांडणी आजही शिकण्यासारखी आहे. दिल्लीच्या राज कॉमिक्सने 1986 साली ‘नागराज’ आणला, तेव्हा त्याला पहिले रूप दिले ते पुण्याच्या मुळीकांनीच. संजय अष्टपुत्रे यांचाही त्या आरंभीच्या कामात वाटा होता. म्हणजे हिंदी वाचकाच्या लाडक्या अद्भुत नायकाचा चेहरा पुण्यात तयार झाला, आणि त्याच काळात मराठीत भयाची एकही दीर्घायुषी चित्रकथा-मालिका उभी राहिली नाही. दोष चित्रकारांचा नव्हे. चित्रकाराला दरमहा पानांचे पैसे देणारा आणि तोच नायक वर्षानुवर्षे छापत राहणारा प्रकाशक मराठीत मिळाला नाही.

या काळातील एका गोष्टीवर कठोरपणे बोलले पाहिजे. पौराणिक चित्रकथांत देव आणि राजे उजळ, तर राक्षस काळे, जाड ओठांचे, पुढे आलेल्या दातांचे आणि जंगलात राहणारे असतात. हा संकेत इतका रुळला आहे की तो निवडलेला आहे याचाच विसर पडतो. कर्जत आणि खालापूरच्या डोंगरउतारांवर ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. तिथले मूल असे पुस्तक उघडते तेव्हा त्याला आपल्या वर्णाची माणसे कोणत्या बाजूला दिसतात? भय निर्माण करण्यासाठी खऱ्या माणसांचा रंग आणि चेहरेपट्टी वापरणे हे चित्रकाराचे अपयश आहे. हडळीची पोकळ पाठ कोणत्याही समाजाचा अपमान न करता अंगावर काटा आणते.

चित्रकथेत जे झाले नाही ते काही प्रमाणात रंगमंचावर आणि पडद्यावर झाले. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली आणि 2018 मध्ये नव्या संचात वैभव मांगले यांनी ती पुन्हा उभी केली. महेश कोठारे यांच्या ‘धडाकेबाज’ (1990) मधला कवट्या महांकाळ आणि ‘झपाटलेला’ (1993) मधला तात्या विंचू ही अस्सल लोकप्रिय पात्रे ठरली. तात्या विंचूची कल्पना अमेरिकी ‘चाइल्ड्स प्ले’वरून सुचलेली असली तरी रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याने आणि मराठी बोलीने तो इथला झाला. शाळेतल्या वह्यांच्या मागच्या पानावर तो आजही काढला जातो. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (2018) मध्ये हस्तर नावाचा भयप्रद जीव आहे. चित्रपटाला धारपांच्या कथेची प्रेरणा आहे, आणि पाऊस, चिखल, पडका वाडा यांतून तिथले भय उगवते. 2024 साली ‘मुंज्या’ आला आणि पिंपळावरचे भूत संगणकावर घडून देशभर पोचले. दोन्ही चित्रपट हिंदी आहेत. खालापूर तालुक्यात खोपोलीजवळ इमॅजिका उद्यानात ‘सलीमगढ’ नावाचे भुतांचे दालन आहे. स्थानिक भुतांनी भरलेल्या डोंगरांच्या कुशीत उभे राहूनही त्याची कल्पना त्या डोंगरांतून आलेली नाही.

आजची स्थिती उमेद वाढवणारी आहे, पण अपुरी आहे. दर ऑक्टोबरला ‘इंकटोबर’च्या निमित्ताने अनेक तरुण चित्रकार रोज एक शाईचे चित्र काढतात आणि त्यांत मुंजा, खवीस, हडळ दिसू लागले आहेत. 2011 पासून भरणाऱ्या कॉमिक कॉनमध्ये स्वतंत्र चित्रकारांना गाळा मिळतो. विवेक गोयल यांच्या होली काऊने ‘अघोरी’सारखी भयाची चित्रकथा मुंबईतून काढली, पण इंग्रजीत. सुटी चित्रे खूप होतात. पन्नास पानांची, आरंभ आणि शेवट असलेली मराठी कथा दुर्मीळच. एक धोकाही आहे. टॅब्लेटवरचे तयार ब्रश आणि संगणकाकडून मागून घेतलेली चित्रे यांमुळे भुते पुन्हा एकसारखी होत चालली आहेत: तेच धुके, तेच चमकणारे डोळे. ज्याने पिंपळ पाहून काढलेला नाही त्याचा मुंजा कुठल्याही झाडावर बसतो.

या अभ्यासाला लागणारी साधने सार्वजनिक ग्रंथालयांत फारशी नाहीत. ती खासगी संग्रहांत आहेत. इंद्रजाल, चांदोबा आणि रहस्यकथा रेल्वे स्थानकांवरच्या स्टॉलवर विकल्या गेल्या, वाचनालयांतून भाड्याने फिरल्या आणि रद्दीत गेल्या. मुंबईत किंग्ज सर्कलच्या आणि फोर्टच्या पदपथांवर, पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानांत त्या पुन्हा वर येत राहिल्या. मुखपृष्ठ शाबूत आहे का, मधले पान गळले आहे का, वाचनालयाचा शिक्का कुठे पडला आहे, हे संग्राहक आधी पाहतो. पूर्वी घरोघरी वर्षभराचे अंक एकत्र बांधून घेत. त्यामुळे अंक वाचले, पण बाइंडरने कडा छाटल्या आणि पुष्कळदा मुखपृष्ठे काढून टाकली.

उरलेले अंक जपताना हवामान आड येते. कर्जत-खालापूर पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. वर्तमानपत्री कागद आधीच आम्लयुक्त असतो. दमटपणात तो लवकर तपकिरी आणि ठिसूळ होतो. पिनांना गंज चढतो, कसर आणि वाळवी लागते. अंक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद केले तर आत ओल कोंडून बुरशी येते. गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढाव्यात, अंक आम्लविरहित कागदात ठेवावेत, कपाट भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर असावे, आणि पावसाळा संपताच एकेक अंक सावलीत उघडून वारा द्यावा. चिकटपट्टी कधीही लावू नये. तिचा डाग कायमचा राहतो.

संग्रह फक्त किमतीसाठी असेल तर तो कपाटातच राहतो. बालभारतीने 1971 पासूनचे ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संगणकीकृत करून सर्वांना खुले केले, हा चांगला पायंडा आहे. रहस्यकथांची मुखपृष्ठे, गूढकथांच्या दिवाळी अंकांतील चित्रे आणि मराठी इंद्रजाल यांचे असे काम व्हायला हवे, आणि प्रत्येक चित्राखाली चित्रकाराचे नाव शोधून लिहायला हवे. ज्यांच्या माळ्यावर अशा अंकांचे गठ्ठे पडून आहेत त्यांनी ते रद्दीत घालण्याआधी तालुक्याच्या वाचनालयाला किंवा जवळच्या कलामहाविद्यालयाला दाखवावेत, निदान मुखपृष्ठांची आणि चित्रकाराच्या सहीची स्पष्ट छायाचित्रे घेऊन ठेवावीत.