सिंहासन आणि सबब

काही कामानिमित्त बीड जिल्ह्यातील धर्मापुरी येथे जाण्याचा योग आला, तेव्हा तेथील केदारेश्वराचे मंदिर आम्ही निवांतपणे पाहिले. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील हे दगडी देवालय. त्याच्या बाह्य भिंतींवरील सुरसुंदरींच्या मूर्ती पाहून कोणाही रसिकाने थबकावे. कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण. त्या राजघराण्यातील सर्वांत नामांकित राजा सहावा विक्रमादित्य. त्याने इ. स. १०७६ ते ११२६ अशी पन्नास वर्षे राज्य केले आणि स्वतःच्या नावाचा शकही सुरू केला. मात्र ही गादी त्याला सरळ मार्गाने मिळाली नव्हती. थोरला भाऊ दुसरा सोमेश्वर राज्यावर असताना त्याचा पराभव करून, त्याला बंदीत टाकून विक्रमादित्य सिंहासनावर बसला.

या घटनेवर एक महाकाव्य आहे. काश्मीरहून आलेल्या बिल्हण या कवीला विक्रमादित्याने राजाश्रय दिला व ‘विद्यापती’ ही पदवी बहाल केली. बिल्हणाने अठरा सर्गांचे ‘विक्रमांकदेवचरित’ रचले. त्यातील प्रसंग पाहण्यासारखा आहे. धाकटा भाऊ थोरल्याशी लढायला मनातून तयार नाही. तेव्हा साक्षात महादेव प्रकट होऊन त्याला युद्धाची आज्ञा देतात. भाऊ हाती सापडल्यावर विक्रमादित्य त्याला पुन्हा गादीवर बसवू पाहतो, तर महादेव पुन्हा आड येतात आणि राज्य तूच कर असे बजावतात. म्हणजे महत्त्वाकांक्षा राजाची, पण जबाबदारी देवाची!

बिल्हणाची प्रतिभा लहान नव्हती. त्याची वर्णने आणि त्याचे शब्दवैभव आजही वाखाणले जाते. तरीही हे काव्य मनाला चटका लावत नाही, याचे कारण आमच्या मते एकच आहे. त्यातील नायकाला दोषाची जाणीव होण्यास कवीने जागाच ठेवलेली नाही. जखम दिसण्याआधीच तिच्यावर सोन्याचा मुलामा चढवला आहे. योगायोग असा की वारसाहक्काचा जगप्रसिद्ध ग्रंथ ‘मिताक्षरा’ विज्ञानेश्वराने याच राजाच्या आश्रयास असताना लिहिला. भावाभावांच्या वाटणीचा न्याय ज्या दरबारात शब्दबद्ध झाला, तो दरबार थोरल्या भावाच्या गादीवर भरत होता. आणि पुढे धाकटा भाऊ जयसिंह याने विक्रमादित्याविरुद्ध बंड केले, तेव्हा त्याने थोरल्या भावाचाच कित्ता गिरवला असे म्हणावे लागते.

आता या काव्याशेजारी शेक्सपिअरचा ‘मॅकबेथ’ ठेवून पाहावा. शिरवाडकरांनी १९५४ साली ‘राजमुकुट’ या नावाने तो मराठीत आणला, त्यामुळे तो आपल्याला परका नाही. येथेही अलौकिक शक्ती आहेत. पण त्या चेटकिणी भविष्य तेवढे सांगतात. खून कर अशी आज्ञा करत नाहीत. राजा डंकन आपला आप्त आहे, आपला धनी आहे आणि आज आपल्या घरचा पाहुणा आहे, हे मॅकबेथ स्वतःशीच मोजून पाहतो. पत्नी त्याला डिवचते हे खरे, परंतु खंजीर उचलणारा हात त्याचाच असतो. खुनानंतर शेजारच्या खोलीत कोणी झोपेतून जागे होऊन प्रार्थना पुटपुटते आणि त्या प्रार्थनेला ‘आमेन’ म्हणणे मॅकबेथला जमत नाही. शब्द घशातच अडकतो. बिल्हणाच्या अठरा सर्गांत जे सापडले नाही ते या एका अडकलेल्या शब्दात सापडते. येथे सबब संपते आणि शोकांतिका सुरू होते.

आमच्या मराठी इतिहासातही असाच एक काळा दिवस आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात अवघ्या अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी ठार केले. गादी चुलते रघुनाथराव यांच्याकडे गेली. या कटाविषयी मराठी माणसाला सर्वांत जास्त काय आठवते? ‘ध’चा ‘मा’! ‘धरावे’ या आज्ञेचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले ही कथा लहान मुलालाही ठाऊक असते. मात्र ते अक्षर आनंदीबाईंनीच बदलले याला निर्विवाद पुरावा नाही. तरी कथा टिकली, कारण ती सोयीची आहे. एका अक्षराने आणि एका स्त्रीने सगळा भार उचलला की राघोबादादांकडे उरतो तो केवळ दुबळेपणा. चालुक्य राजाने महादेवांना पुढे केले, आम्ही आनंदीबाईंना पुढे केले. एदेन बागेतील आदामानेही असेच बोट हव्वेकडे दाखवले होते, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ साली याच घटनेवर ‘भाऊबंदकी’ हे नाटक रंगभूमीवर आणले. १९०७ साली सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेस दुभंगली होती. घरभेदाचे दुःख त्या काळच्या प्रेक्षकांना ताजे होते. खाडिलकरांची आनंदीबाई लेडी मॅकबेथच्या वळणावर जाते आणि तेवढ्यापुरते हे नाटक त्या सोयीच्या कथेला बळी पडते, असा आमचा आक्षेप आहे. परंतु नाटकात रामशास्त्री प्रभुणे उभे राहतात आणि ही उणीव भरून निघते. नव्या पेशव्यांनी प्रायश्चित्त विचारले असता शास्त्रीबुवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि ज्या दरबाराचे अन्न खाल्ले तोच सोडून ते निघाले, ही परंपरा सर्वश्रुत आहे. एका दरबाराला बिल्हण मिळाला, दुसऱ्याला रामशास्त्री. दावीद राजाच्या तोंडावर त्याचा अपराध सांगणारा नाथान संदेष्टा रामशास्त्र्यांच्याच कुळातला.

येथे एक प्रश्न विचारात घेण्यासारखा आहे. राघोबादादा प्रायश्चित्त विचारीत होते, म्हणजे त्यांना काही टोचत होतेच. मग शास्त्रीबुवा इतके कठोर का? याचे उत्तर ‘हॅम्लेट’ या नाटकात मिळते. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने त्याचे मराठी रूप सिद्ध केले होते. त्यातील राजा क्लॉडियस भावाचा खून करून गादीवर बसला आहे. एकदा तो प्रार्थनेसाठी गुडघे टेकतो. पण क्षमा मागताना त्याच्या लक्षात येते की मुकुट, राणी आणि महत्त्वाकांक्षेची सारी फळे अद्याप आपल्याचकडे आहेत. ती सोडायची नाहीत आणि क्षमा मात्र हवी! शेवटी तो उठतो. प्रार्थना वर पोहोचलीच नाही हे तो स्वतःच कबूल करतो. राघोबादादांनाही प्रायश्चित्त हवे होते, परंतु गादीवर बसून.

याउलट ग्रीक शोकांतिकेतील राजा इडिपस पाहा. त्याने लायस राजाला मारले ते हा आपला पिता आहे हे न ओळखता. सबब सांगायला त्याच्याइतका अधिकार कोणाला होता? दैवाने आधीच सारे लिहून ठेवले होते. पण सत्य उघड होताच तो स्वतःचे डोळे फोडून घेतो आणि राजपद टाकून देतो. सोफोक्लीसचे हे नाटक सुमारे अडीच हजार वर्षे माणसांना हलवते आहे, ते त्यातील भीषणतेमुळे नव्हे. दोष आपला आहे असे म्हणून एका राजाने हातातले सोडून दिले, म्हणून.

वाचक म्हणतील, राजांच्या या गोष्टी आपल्याला कशाला? आमच्या घरी ना मुकुट, ना गारदी. खरे आहे. परंतु एवढ्या वर्षांच्या सेवेत वाटणीच्या तंट्यात आम्हांला पुष्कळदा बसावे लागले आहे. भावाच्या वाट्याचे दोन गुंठे किंवा ओसरीवरची एक खोली ज्याने दाबली, त्याच्या तोंडून आम्ही ‘मी घेतली’ असे क्वचितच ऐकले. ‘वडिलांची तशीच इच्छा होती’, ‘वकिलांनी तसे करायला लावले’, ‘घरातल्यांपुढे माझा इलाज चालला नाही’, हे मात्र वारंवार ऐकले. महादेव, चेटकिणी आणि आनंदीबाई, तिन्ही आमच्या ओसरीवर हजर! आणि आम्ही तरी काय केले? कित्येकदा घरातील शांततेच्या नावाखाली गप्प बसलो, म्हणजे बिल्हणाचेच काम केले. त्याची खंत आहे.

धर्मापुरीच्या त्या मूर्ती सुंदर आहेत, यात वाद नाही. सत्ता सौंदर्य उभारू शकते, कवीही पोसू शकते. पण अडकलेले ‘आमेन’ मोकळे करणे तिच्या हाती नाही. ते दाबलेला वाटा परत केल्यावरच मोकळे होते.