‘तहजीब-उल-अखलाक’ : पहिल्या वर्षाचा हिशेब

एखादे मतपत्र वर्षभर टिकले की संपादक वर्षपूर्तीचे मनोगत लिहितात. त्यात वाचकांचे आभार असतात, लेखकांचे आणि छापखान्याचे आभार असतात, वर्गणी थकल्याची तक्रार असते आणि विरोधकांना एखादा चिमटाही असतो. आम्ही अशी मनोगते आवडीने वाचतो. मात्र एक प्रश्न त्यांत क्वचितच आढळतो. हे पत्र कोणासाठी काढले होते, आणि ते त्यांच्यापर्यंत पोहोचले का?

हा प्रश्न आम्हाला आमच्या वर्गाने दिला. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वर्गातली बहुतेक मुले यंत्रमाग कामगारांची, फळविक्रेत्यांची, रिक्षा चालवणाऱ्यांची. एके दिवशी सर सय्यद अहमद खान यांचा ‘बहस-ओ-तकरार’ हा निबंध शिकवत होतो. दोन कुत्रे समोरासमोर येतात, आधी डोळे वटारतात, मग गुरगुरतात आणि शेवटी एकमेकांच्या अंगावर धावून जातात. असभ्य माणसांची चर्चाही अशीच चालते, असे सर सय्यद म्हणतात. मुले खूप हसली. हा निबंध ‘तहजीब-उल-अखलाक’ नावाच्या रिसाल्यासाठी लिहिला होता, असे आम्ही सांगितले. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘‘आपा, ये रिसाला पढता कौन था?’’

आम्ही पुस्तकी उत्तर दिले : ‘‘मुसलमान.’’ ती म्हणाली, ‘‘सब?’’ तास संपला, पण तो ‘सब?’ आमच्याबरोबर घरी आला.

‘तहजीब-उल-अखलाक’चा पहिला अंक २४ डिसेंबर १८७० रोजी निघाला. हिजरी तारीख होती १ शव्वाल १२८७, म्हणजे ईद-उल-फित्रचा दिवस. सर सय्यद एप्रिल १८६९ मध्ये विलायतेला गेले होते आणि ऑक्टोबर १८७० मध्ये परतले. तिथे स्टील आणि अॅडिसन यांच्या ‘टॅटलर’ व ‘स्पेक्टेटर’ या अठराव्या शतकातील पत्रांचा आदर्श त्यांच्यासमोर होता. राजकारणाच्या बातम्या न देता माणसाच्या वागण्याबोलण्यावर, रूढींवर, आळसावर लिहिणारी ही पत्रे. असे काही आपल्या कौमसाठी हवे, हा ध्यास घेऊन ते परतले आणि दोन-तीन महिन्यांत रिसाला सुरूही झाला. या घाईमागे १८५७ होते. दिल्ली उद्ध्वस्त झालेली त्यांनी पाहिली होती. नव्या विद्येकडे पाठ फिरवली तर आपली माणसे कायमची मागे पडतील, ही भीती त्यांच्या लेखणीला स्वस्थ बसू देत नव्हती.

पुढची ईद आली तेव्हा रिसाल्याला एक वर्ष झाले होते. या काळात त्याने काय केले?

पहिली कमाई भाषेची. याच सर सय्यदांनी १८४७ मध्ये दिल्लीच्या इमारतींवर ‘आसार-उस-सनादीद’ लिहिले, तेव्हा त्याचे गद्य दागिन्यांनी लगडलेले होते. १८५४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी ते दागिने उतरवले. मधल्या काळात गालिबची पत्रे ‘ऊद-ए-हिंदी’ (१८६८) आणि ‘उर्दू-ए-मुअल्ला’ (१८६९) या नावांनी छापली गेली आणि उर्दू गद्य बोलल्यासारखे लिहिता येते हे लोकांना दिसले. गालिबने गद्याला गप्पा मारायला शिकवले, तर ‘तहजीब’ने त्याला युक्तिवाद करायला शिकवले. यमके जुळवणे सोडा, मनात आहे ते सरळ लिहा, हे या रिसाल्याचे धोरण होते. आज आमची मुले दीडशे वर्षांपूर्वीचा हा निबंध शब्दकोश न उघडता बरीचशी समजून घेतात, याचे श्रेय त्या धोरणाला आहे.

दुसरी कमाई विरोधाची. हाली यांनी ‘हयात-ए-जावेद’ (१९०१) या चरित्रात तो सारा गदारोळ सांगितला आहे. कानपूरहून ‘नूर-उल-आफाक’ आणि ‘नूर-उल-अनवार’ ही पत्रे निघाली ती ‘तहजीब’ला उत्तर देण्यासाठी. कुफ्राचे फतवे निघाले. पुढे लखनौच्या ‘अवध पंच’मधून अकबर इलाहाबादींनी अलीगढवाल्यांची यथेच्छ टर उडवली. विरोधासाठी स्वतंत्र पत्रे काढावी लागली, यातच या रिसाल्याचे वजन कळते. दुर्लक्ष करता येत नाही अशा मतपत्रालाच आम्ही यशस्वी म्हणतो.

मात्र इथे आम्ही सर सय्यदांवर एक टीका करू. समाजसुधारणा आणि धर्माचा अर्थ या दोन गोष्टी त्यांनी एकाच रिसाल्यात एकत्र केल्या. मुलांना विज्ञान शिकवा, हे म्हणणे पटणारे अनेक लोक होते. पण जिन्न, फरिश्ते, मोजिजे यांचे सर सय्यदांनी लावलेले अर्थ त्यांना पटणारे नव्हते. दुसऱ्या गोष्टीमुळे पहिलीही संशयास्पद ठरली. त्यांचे जवळचे सहकारी मोहसिन-उल-मुल्क यांनाही त्यांची तफसीर पटली नाही. या दोघांचा पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला. मित्र मित्राला पुराव्यानिशी विरोध करतो आणि मैत्री तुटत नाही, याचा तो नमुना आहे. ‘बहस-ओ-तकरार’मध्ये सांगितलेली सभ्यता इथे आचरणात दिसते. आमच्या मते ‘तहजीब’च्या परंपरेतले सर्वांत मोलाचे जर काही असेल तर ते हेच.

आता त्या मुलीचा ‘सब?’. ‘तहजीब’मध्ये ‘कौम’ हा शब्द सतत येतो. या शब्दात कोण बसत होते? सर सय्यदांसमोर होते ते उत्तर हिंदुस्थानातले शरीफ घराण्यांतले पुरुष. जमीनदार, सरकारी नोकर, ज्यांची दिल्लीतली आणि अवधमधली सत्ता गेली होती ते. माग चालवणारा मोमीन, कापूस पिंजणारा पिंजारी, भाजी-फळे विकणारा बागवान या कौममध्ये नावापुरताच होता. डिसेंबर १८८७ मध्ये लखनौच्या भाषणात सर सय्यदांनी स्पर्धा परीक्षांना विरोध केला. हलक्या कुळातला माणूस परीक्षा देऊन आपल्यावर अधिकारी म्हणून येईल, हे खानदानी लोकांना रुचणार नाही, असा त्यांचा रोख होता. मागावरच्या बापाची मुलगी आमच्या वर्गात त्यांचा धडा वाचते, तेव्हा ही गोष्ट लपवणे आम्हाला बेइमानी वाटते.

आणि मुलींचे काय? १८८२ मध्ये शिक्षण आयोगासमोर साक्ष देताना सर सय्यदांनी सांगितले की आधी पुरुष पुरेसे शिकू देत, मग स्त्रियांचे पाहू. ‘तहजीब’ सुरू होण्याच्या एकच वर्ष आधी, १८६९ मध्ये, डेप्युटी नजीर अहमद यांची ‘मिरात-उल-उरूस’ आली होती आणि शिकलेली असगरी घर कसे सावरते हे वाचकांना दिसले होते. म्हणजे त्या काळात हे सुचणे अशक्य नव्हते. सर सय्यद २७ मार्च १८९८ रोजी वारले. त्याच वर्षी जुलैमध्ये लाहोरहून ‘तहजीब-ए-निस्वां’ हे स्त्रियांचे साप्ताहिक सुरू झाले आणि त्याची संपादक एक स्त्री होती, मुहम्मदी बेगम. नावातला ‘तहजीब’ तोच, पण वाचक बदलले. सर सय्यदांनी उघडलेल्या दारातून, त्यांनी न बोलावलेल्या माणसांनी प्रवेश केला.

‘‘त्या काळी असेच होते’’ असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्या महाराष्ट्राकडे पाहू. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. १८७७ मध्ये, ‘तहजीब’चा पहिला कालखंड संपल्यावर लगेच, कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ काढले. १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून चालवले आणि शेतकऱ्याबरोबर गिरणी कामगारही त्यात आला. ‘दीनबंधु’कडे ना अलीगढसारखे कॉलेज होते, ना सरकारदरबारी वजन असलेले लेखक. पण आपण कोणासाठी लिहितो हे त्याला पक्के ठाऊक होते. हे दोन्ही प्रवाह एकाच दशकातले. आम्हा मराठी मुसलमानांना दोन्हींवर वारसाहक्क आहे. अलीगढने आम्हाला वाद घालायची भाषा दिली. वाद कोणाच्या बाजूने घालायचा हे मात्र पुण्याकडून शिकावे लागेल.

यात सर सय्यदांना लहान करण्याचा हेतू नाही. ज्या मुलीने प्रश्न विचारला तिच्या हातात पुस्तक आले, त्यामागे त्यांचाही घाम आहे. २४ मे १८७५ रोजी अलीगढला सुरू झालेली त्यांची शाळा आज विद्यापीठ आहे आणि तिथे मुली शिकतात. पण आदर आणि हिशेब या दोन्ही गोष्टी एका वहीत राहू शकतात, किंबहुना राहायलाच हव्यात.

१९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपले वार्षिक अंक, संग्रह, संमेलने होत आली. आपणही ‘समाज’, ‘कौम’, ‘आपली माणसे’ हे शब्द सढळ हाताने वापरतो. आमची सूचना साधी आहे. दर वर्षपूर्तीला संपादकांनी तीन गोष्टी मोजाव्यात. वर्षभरात आपल्याशी असहमत असलेला एक तरी लेख आपण छापला का? लेखकांच्या यादीत स्त्रिया किती, आणि हाताने काम करणाऱ्या घरांतली माणसे किती? आणि आपला अंक नववीतल्या मुलीला वाचता येईल अशा भाषेत आहे का? तिसऱ्या कसोटीला ‘तहजीब’ उत्तम गुणांनी उतरतो. दुसरीत तो नापास आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात गेलो आणि त्या मुलीला सांगितले, ‘‘नहीं बेटा, सब नहीं पढते थे. तेरे पडदादा के लिए वो लिखा ही नहीं गया था.’’ ती थोडी गप्प राहिली. मग तिने विचारले, ‘‘तो हम क्यूँ पढते हैं?’’

आम्ही म्हणालो, ‘‘ताकि अगला रिसाला तू लिखे.’’

ती हसली आणि पुस्तक उघडून तिने धडा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.