शहरआशोब की आसार? : हैदराबादच्या बदलत्या आकाशरेषेची समीक्षा

हैदराबादच्या नव्या इमारतींविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्याचा सूर बहुधा विलापाचा असतो. शहराच्या दुर्दशेवरील अशा विलापाला उर्दूत ‘शहरआशोब’ हे स्वतंत्र काव्यप्रकाराचे नाव आहे. 1857 नंतर उजाड झालेल्या दिल्लीवरील कवितांचा ‘फुगान-ए-देहली’ हा संग्रह 1863 मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु त्याच दिल्लीतील वास्तूंचे वर्णन करणारा ‘आसार-उस-सनादीद’ हा ग्रंथ सर सय्यद अहमद खान यांनी 1847 मध्येच सिद्ध केला होता. कुतुबमिनारावरील उंचावरचे लेख उतरवून घेण्यासाठी ते टांगलेल्या टोपलीत बसत, असे हाली यांनी त्यांच्या चरित्रात नमूद केले आहे. पुढे त्यांतील अनेक वास्तू नष्ट झाल्या. नोंद मात्र राहिली. हैदराबादला आज शहरआशोबापेक्षा अशा ‘आसार’ची गरज अधिक आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन होय.

नवेपणा हा दोष नव्हे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. 1591 मध्ये चारमिनारही नवाच होता. 1908 च्या मुसी नदीच्या महापुरानंतर 1912 मध्ये नगरसुधार मंडळ स्थापन झाले आणि पुढे व्हिन्सेंट एश यांच्या आराखड्यांनुसार उच्च न्यायालय व उस्मानिया रुग्णालय नदीच्या दोन काठांवर उभे राहिले. 1998 च्या सायबर टॉवर्सने आपल्या जिल्ह्यातील तरुणांनाही रोजगाराची वाट दाखविली. 2006 मध्ये चटईक्षेत्राची मर्यादा काढून टाकण्यात आली. कोकापेठेत पन्नासहून अधिक मजल्यांचे मनोरे दिसतात, त्यामागे हे एक प्रमुख कारण आहे.

खरा प्रश्न आहे तो नव्यासाठी जुने पाडताना कोणती कसोटी लावली जाते, हा. नव्या सचिवालयासाठी 2020 मध्ये जुने संकुल पाडण्यात आले. त्यात 1888 ची निजामकालीन इमारत गेली. आवारातील दोन मशिदी व एक मंदिरही गेले. 30 एप्रिल 2023 रोजी नव्या सचिवालयाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी प्रार्थनास्थळेही पुन्हा बांधून खुली करण्यात आली. नव्या इमारतीवर भव्य घुमट आहेत. परंतु अस्सल जुनी वास्तू पाडून तेथे जुन्या शैलीचा भास उभा करणे, याला परंपरेचे सातत्य म्हणता येणार नाही. एश यांच्या रुग्णालयावरही घुमट आहेत. पण त्याबरोबर उंच छतांचे, हवेशीर कक्षही आहेत. तेथील शैली उपयोगाशी बांधलेली आहे. दुर्दैवाने जुलै 2020 मध्ये कक्षांत पावसाचे पाणी शिरल्यावर ती मुख्य इमारत रिकामी करावी लागली. जानेवारी 2025 मध्ये गोशामहल येथे नव्या रुग्णालयाची कोनशिला बसविण्यात आली. रुग्णांना नवी इमारत मिळालीच पाहिजे. मात्र देखभालीअभावी जीर्ण झालेली वास्तू निरुपयोगी ठरविणे हा न्याय नव्हे.

याउलट उदाहरण इरम मंझिलचे. 1870 च्या सुमारास बांधलेला हा महाल पाडून तेथे विधानसभा बांधण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णय उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये रद्द ठरविला. इमारत वारसा-यादीत नोंदलेली होती आणि तिला असलेले कायद्याचे संरक्षण शासनाला डावलता आले नाही. तेथे हळहळ नव्हे, नोंद उपयोगी पडली.

अध्यापकांसाठी यात सरळ सूचना आहे. विद्यार्थ्यांची सहल चारमिनारपाशी छायाचित्रे काढून संपू नये. एकेका गटाने एकेक वास्तू घ्यावी. तिचे मोजमाप, शिलालेख, मूळ उपयोग व आजची अवस्था उर्दूत, मराठीत, तेलुगूत लिहावी. हेच काम आदिलाबादच्या जुन्या मशिदी, मंदिरे, शाळा व कचेऱ्यांबाबतही करता येईल. येथील वास्तूंना हैदराबादइतके वकील मिळणार नाहीत. म्हणून येथे नोंदीची निकड अधिक आहे. इमारत पडल्यानंतर लिहिलेला शोकलेख कितीही सुंदर असला, तरी तो न्यायालयात पुरावा ठरत नाही.